फ्रीमेसनरी आली कुठून, आणि लॉजमध्ये जाणाऱ्याला तिथे काय मिळतं?

फ्रीमेसनरी म्हणजे विधी आणि प्रतीकांतून नीती शिकवणारी बंधुसंस्था, आणि लॉज म्हणजे तिची स्थानिक शाखा. प्रश्न दोन भागांचा आहे. फ्रीमेसनरीची सुरुवात नेमकी कुठून झाली, आणि आज एखाद्याने लॉजमध्ये प्रवेश घेतला तर त्याच्या स्वतःच्या जगण्यात त्याला काय अर्थ? उत्तर एकत्रच द्यायला हवं, कारण मूळ चुकीचं समजलं की अपेक्षाही चुकते. प्राचीन इजिप्तचं गुप्त ज्ञान हाती लागेल म्हणून येणारा वर्ष-दीड वर्षात कंटाळतो. पाथरवटांच्या कामाची शिस्त स्वतःवर चालवून बघायची, या तयारीने येणारा टिकतो.

लॉज म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे मुक्कामाची खोली येते. मध्ययुगातल्या इंग्लंड-स्कॉटलंडमध्ये लॉज म्हणजे कॅथीड्रलच्या बांधकामाला टेकून उभारलेली पाथरवटांची शेड. तिथे दगड घडवायचे, हत्यारं ठेवायची, जेवायचं, घटकाभर टेकायचं. यॉर्कच्या कॅथीड्रलवरचे 1370 चे नियम आजही वाचायला मिळतात. नव्या पाथरवटाचं काम आठवडाभर किंवा जास्त पारखायचं, पसंत पडलं तर धर्मग्रंथावर शपथ घेऊन त्याला आत घ्यायचं. पारख, मग शपथ, मग प्रवेश. हा क्रम साडेसहाशे वर्षांत बदललेला नाही.

‘मेसन’ म्हणजे पाथरवट. ‘फ्रीमेसन’ या शब्दातल्या ‘फ्री’चा सगळ्यात पटणारा अर्थ दगडाशी जोडलेला आहे. बारीक कणांचा, कोणत्याही दिशेने सुबक कापता येणारा चुनखडक किंवा वालुकाश्म म्हणजे ‘फ्रीस्टोन’, आणि त्यात कोरीवकाम करणारा कुशल कारागीर तो फ्रीमेसन. लंडनच्या दप्तरात हा शब्द 1376 मध्ये सापडतो. या कारागिरांच्या नियमपोथ्यांपैकी सर्वांत जुनी, ‘रीजियस’ नावाने ओळखली जाणारी, 794 ओळींची पद्यरचना आहे. तीत उस्तादासाठी 15 आणि कारागिरांसाठी 15 कलमं आहेत. शिकाऊ मुलगा सात वर्षांपेक्षा कमी मुदतीसाठी ठेवू नये, धन्याची आणि लॉजची गोष्ट बाहेर फोडू नये, सोबत्याचं काम बिघडताना दिसलं तर त्याला नीट समजावून सांगावं, असा त्यातला सूर आहे. गूढ असं त्यात काही नाही.

मग गुप्त खुणा कशासाठी? पाथरवट फिरस्ता असे. एक काम संपलं की शंभर मैलांवर दुसरं. त्याच्याजवळ प्रमाणपत्र नव्हतं, बहुतेकांना वाचताही येत नसे. सात वर्षं शिकून आलेला कोण आणि नुसता हातोडा घेऊन आलेला कोण, हे ओळखायला स्कॉटलंडमध्ये ‘मेसन वर्ड’ म्हणजे सांकेतिक शब्द आणि त्याबरोबरच्या खुणा वापरल्या जात. शब्द ठाऊक असेल त्याला काम मिळे. गुप्तता होती ती मजुरीच्या रक्षणासाठी.

आजच्या रूपाकडे नेणारं वळण स्कॉटलंडमध्येच आलं. राजा सहावा जेम्स याच्या बांधकामांचा प्रमुख विल्यम शॉ याने 28 डिसेंबर 1598 रोजी पाथरवटांसाठी नियमावली काढली आणि पुढच्या वर्षी दुसरी. दुसऱ्या नियमावलीतलं एक कलम मला सगळ्या इतिहासात महत्त्वाचं वाटतं: प्रत्येक कारागिराची आणि शिकाऊची ‘स्मरणकला’ तपासावी, आणि जो विसरला असेल त्याला दंड करावा. दगड घडवणाऱ्याच्या पाठांतराची परीक्षा! स्मरणकला म्हणजे मनात एक इमारत उभी करायची, तिच्या दालनांत, खांबांपाशी एकेक विचार ठेवायचा आणि त्या इमारतीतून चालत ते परत उचलायचे. लॉजमधली आजची मांडणी बघा: पूर्वेला मास्टर म्हणजे लॉजचा प्रमुख, पश्चिमेला सीनियर वॉर्डन आणि दक्षिणेला ज्युनियर वॉर्डन हे त्याच्या खालचे दोन पदाधिकारी, दोन खांब, मध्ये काळ्या-पांढऱ्या चौकटींची जमीन, आणि प्रत्येक जागेला जोडलेली शिकवण. खोलीच स्मरणवही आहे. त्यामुळे विधी पुस्तकातून न वाचता तोंडपाठ करण्याच्या आग्रहाचं मूळही मी त्याच काळात शोधतो. एडिंबरोच्या लॉजची इतिवृत्तं 1599 पासून उपलब्ध आहेत.

अशा लॉजकडे सतराव्या शतकात दगडाला कधी हात न लावलेले लोक वळले. 20 मे 1641 रोजी सर रॉबर्ट मरे यांना न्यूकॅसलमध्ये, स्कॉटिश सैन्यासोबत आलेल्या एडिंबरो लॉजच्या सदस्यांनी प्रवेश दिला. हेच मरे पुढे रॉयल सोसायटी या लंडनच्या विज्ञानसंस्थेच्या संस्थापकांत होते. दुसरी नोंद इलायस ॲशमोल यांच्या रोजनिशीतली: 16 ऑक्टोबर 1646, दुपारी साडेचार, वॉरिंग्टन. ॲशमोल राजाच्या बाजूचे होते. त्यांच्याबरोबर त्याच दिवशी मेसन, म्हणजे लॉजचे सदस्य, झालेले कर्नल हेन्री मेनवेअरिंग पार्लमेंटच्या बाजूचे होते. इंग्लंडमधल्या यादवी युद्धाचा पहिला टप्पा जेमतेम चार-पाच महिन्यांपूर्वी थांबला होता. काल एकमेकांविरुद्धच्या फळ्यांत असलेली दोन माणसं एका खोलीत गुडघे टेकून एकच शपथ घेतात. लॉजचा माणसाला काय उपयोग, या प्रश्नाचं निम्मं उत्तर मला त्या दुपारी सापडतं.

पुढचा भाग लवकर सांगता येतो. 24 जून 1717 रोजी लंडनच्या चार लॉज सेंट पॉल कॅथीड्रलजवळच्या ‘गूज अँड ग्रिडआयर्न’ या मद्यगृहात जमल्या आणि ग्रँड लॉज, म्हणजे सगळ्या लॉजवरची मध्यवर्ती संस्था, स्थापन होऊन अँथनी सेयर तिचे पहिले प्रमुख, ग्रँड मास्टर, झाले, असं परंपरा सांगते. ही हकिकत छापून आली ती 1738 मध्ये, त्यामुळे काही अभ्यासक खरी स्थापना 1721 ची मानतात. पक्की तारीख जेम्स अँडरसन यांनी लिहिलेल्या ‘घटने’ची, म्हणजे लॉजच्या नियमग्रंथाची आहे, 1723. तिच्या पहिल्या कलमाचा आशय असा की सगळ्या माणसांना मान्य असलेला धर्म, म्हणजे सचोटी आणि चांगुलपणा, एवढाच सदस्यांवर बंधनकारक. बाकी मतं ज्याची त्याच्यापाशी. लॉजमध्ये धर्म आणि राजकारण यांवर वाद घालायला बंदी तिथून आली. आयर्लंडची ग्रँड लॉज 1725 ची, स्कॉटलंडची 1736 ची. इंग्लंडमध्ये मधल्या काळात फूट पडली आणि दोन प्रतिस्पर्धी ग्रँड लॉज 27 डिसेंबर 1813 रोजी एक झाल्या.

धर्मयुद्धांत लढलेल्या ख्रिस्ती टेम्पलर सरदारांपासून फ्रीमेसन उतरले, ही गोष्ट आता बाजूला ठेवा. टेम्पलर संघ पोपने 1312 मध्ये बरखास्त केला. लॉजचा संबंध धर्मयुद्धांशी जोडणारं भाषण आंद्रे रॅमसे यांनी पॅरिसमध्ये तयार केलं ते 1737 च्या सुमारास, आणि त्यातही टेम्पलरांचं नाव नव्हतं. मधल्या चारशे वर्षांचा एकही कागद नाही. बायबलमधल्या राजा सॉलोमनचं मंदिर हे विधीतलं रूपक आहे. त्यावर सगळी कथा उभी आहे, पण लॉजचा जन्म तिथे झाला असं कोणी जाणता मेसन म्हणत नाही.

समतेचं तत्त्व सांगणाऱ्या या संस्थेने दारं बंदही केली आहेत, हे प्रवेश घेणाऱ्याला माहीत असायला हवं. बोस्टनमध्ये 1775 साली प्रिन्स हॉल आणि इतर 14 स्वतंत्र कृष्णवर्णीयांना ब्रिटिश पलटणीच्या लॉजने घेतलं. अमेरिकेतल्या गोऱ्या लॉजनी त्यांना आपलं मानलं नाही, म्हणून त्यांनी 1784 मध्ये इंग्लंडकडून सनद मिळवली. मुंबईच्या मानकजी करसेटजी यांना इथे नकार मिळाला तेव्हा ते पॅरिसला जाऊन मेसन झाले, आणि 1843 मध्ये भारतीयांना प्रवेश देणारी ‘रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया’ ही लॉज स्कॉटिश सनदेखाली मुंबईत निघाली. भारताची स्वतंत्र ग्रँड लॉज 24 नोव्हेंबर 1961 ची. तिच्या लॉजमध्ये एकापेक्षा अधिक धर्मग्रंथ उघडे ठेवलेले असतात आणि उमेदवार आपल्या ग्रंथावर हात ठेवून शपथ घेतो. 1723 चं ते कलम इथे खऱ्या अर्थाने कसोटीला लागलं आणि उतरलं, असं माझं मत आहे. स्त्रियांना इंग्लिश परंपरेच्या लॉजमध्ये आजही प्रवेश नाही. स्त्री-पुरुष दोघांना घेणारी संघटना 1893 मध्ये पॅरिसला सुरू झाली आणि ॲनी बेझंट यांनी 1902 मध्ये तिची शाखा लंडनला काढली. केवळ स्त्रियांच्या लॉजही इंग्लंडमध्ये शंभर वर्षांहून जास्त काळ आहेत. फ्रान्सच्या ‘ग्रँड ओरिएंट’ या मेसन संघटनेने 1877 मध्ये ईश्वरावरील श्रद्धेची अट काढली, तेव्हापासून इंग्लिश परंपरा तिला मान्यता देत नाही. निरीश्वरवादी माणसाने हे आधीच लक्षात घ्यावं. ‘परमेश्वरावर श्रद्धा आहे का’ हा प्रश्न अर्जात आणि मुलाखतीत सरळ विचारला जातो, आणि तिथे खोटं बोलून आत येणं म्हणजे पायाचाच दगड पोकळ बसवणं. कोणता देव, कोणता पंथ, हे मात्र कोणी विचारत नाही.

आणखी एक गल्लत दूर करतो. ‘ऑड फेलोज’सारख्या मंडळ्या, ज्यांची अमेरिकेतली शाखा थॉमस वाइल्डी यांनी 26 एप्रिल 1819 रोजी बाल्टिमोरला सुरू केली, सदस्यांना आजारपणात भत्ता आणि मृत्यूनंतर अंत्यसंस्काराचा खर्च देत. वर्गणीच्या बदल्यात तो हक्क होता. सरकारी विमा आणि आरोग्य योजना आल्यावर त्यांची ती गरज ओसरली. फ्रीमेसनरीत असा हक्क कधीच नव्हता. अडचणीतल्या सदस्याला, त्याच्या विधवेला, मुलांना मदत होते. लंडनमध्ये 1788 मध्ये मेसनांच्या मुलींसाठी शाळाही निघाली. पण ती मदत गरज पाहून दिली जाते, भरलेल्या वर्गणीचा परतावा म्हणून नाही.

आता अर्थाकडे. फ्रीमेसनरीची जुनी व्याख्या आहे: रूपकांच्या पडद्याआड ठेवलेली आणि प्रतीकांनी उलगडलेली नीतीची एक वेगळी पद्धत. वाचताना हे हवेत तरंगतं, म्हणून एकच वस्तू जवळून बघू. लॉजमध्ये दोन दगड ठेवलेले असतात. एक खाणीतून आलेला, ओबडधोबड. दुसरा सहाही बाजूंनी घडवलेला, गुण्या लावला तर कुठेही फट न दिसणारा. पहिला ज्युनियर वॉर्डनपाशी, दुसरा सीनियर वॉर्डनपाशी. सदस्याला एकामागून एक विधींनी तीन पायऱ्या, म्हणजे डिग्री, मिळतात. पहिली डिग्री मिळालेल्या शिकाऊला तीन हत्यारं समजावून देतात: चोवीस इंची पट्टी, हातोडा आणि छिन्नी. पट्टीचे चोवीस भाग म्हणजे दिवसाचे चोवीस तास. त्यात प्रार्थना, काम आणि गरजूला मदत यांची वाटणी करायची. हातोडा म्हणजे विवेकाचा जोर, नको तो भाग उडवणारा. छिन्नी म्हणजे शिक्षण. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही, हे आपल्याला माहीतच आहे. फरक एवढाच की इथे टाकी दगडाच्याच हातात दिलेली असते.

दुसऱ्या डिग्रीत गुण्या, पाणसळ आणि ओळंबा येतात. गुण्या वागणुकीचा काटकोन तपासतो. ओळंबा सरळपणा सांगतो. पाणसळ सांगते की जमिनीवर सगळे एका पातळीत आहेत. ती नुसती सांगून थांबत नाही, म्हणून ती मला जास्त मोलाची वाटते. सरदार-उमराव ग्रँड मास्टर होते तेव्हाही लॉजच्या मास्टरपदावर दुकानदार किंवा कारागीर बसू शके, आणि उमरावाला त्याच्या परवानगीशिवाय बोलता येत नसे. दिवसभर हुकूम सोडणाऱ्या माणसाने संध्याकाळी दाराशी पहारेकरी म्हणून उभं राहायचं, आणि त्याच्या हाताखालच्या माणसाने पूर्वेच्या खुर्चीत बसायचं. हे वर्षानुवर्षं केलं की माणसाच्या बोलण्यात फरक पडतो.

तिसऱ्या डिग्रीचा विषय मृत्यू आहे. हिराम अबीफ या शिल्पकाराची कथा त्यात येते. तिचे तपशील सॅम्युएल प्रिचर्ड यांनी 1730 मध्येच छापले होते, आणि आज तर सगळा विधी कुठेही वाचता येतो. तरी कळकळीने सांगतो, आधी वाचू नका. तो विधी एकदाच पहिल्यांदा अनुभवता येतो. शेवट माहीत असलेल्या माणसाचं लक्ष ‘आता काय होणार’ याच्या पडताळ्यात जातं, आणि ज्या क्षणी स्वतःच्या मरणाचा विचार अंगावर यायला हवा तो क्षण निसटतो. ही चूक नंतर दुरुस्त होत नाही.

सगळं छापलेलं आहे, तर गुप्त काय राहिलं? ओळखीच्या खुणा, शब्द आणि हस्तांदोलनं. तीही आता कामाच्या रक्षणासाठी नाहीत. शब्द पाळण्याचा तो सराव आहे. जो लहानशी निरर्थक वाटणारी गोष्ट राखू शकतो त्याच्यापाशी मोठी गोष्ट विश्वासाने सांगता येते. सदस्यत्व मात्र गुप्त नाही. ब्रिटनमध्ये 1799 च्या कायद्याने लॉजना दरवर्षी सदस्यांची यादी सरकारदरबारी द्यावी लागे, आणि ही अट 1967 पर्यंत होती. शपथेतल्या भीषण शिक्षांची वर्णनं लोक ऐकून असतात. इंग्लंडच्या ग्रँड लॉजने ती 1986 मध्ये शपथेतून काढून टाकली. त्या शिक्षा प्रतीकात्मकच होत्या, पण देवाच्या नावाने घेतलेल्या गंभीर शपथेत त्या विसंगत होत्या, हा निर्णय योग्यच झाला.

प्रवेशाची रीत. नियम ग्रँड लॉजप्रमाणे थोडे बदलतात, म्हणून इथे इंग्लिश परंपरेतली सर्वसाधारण वाट सांगतो. स्वतःहून विचारायचं असतं. लॉज पाठीमागे लागत नाही. ओळखीचा मेसन असेल तर त्याला विचारा, नसेल तर ग्रँड लॉजच्या अधिकृत कार्यालयाकडे लिहा. एक सूचक आणि एक अनुमोदक लागतो. ओळख नसल्यास लॉजचे लोक आधी काही महिने भेटतात आणि मग त्यातलेच दोघे सही करतात. ही घाई करण्याची जागा नाही. नंतर अर्ज, त्यात व्यवसाय, पत्ता, गुन्ह्याची शिक्षा झाली आहे का, श्रद्धेचा प्रश्न. मग तीन-चार ज्येष्ठांसमोर मुलाखत. मग मतदान: झाकलेल्या पेटीत प्रत्येक सदस्य पांढरी किंवा काळी गोटी टाकतो. इंग्लंडच्या नियमाने तीन काळ्या गोट्या आल्या की अर्ज फेटाळला जातो. लॉज स्वतःचा नियम याहून कडक करू शकते, आणि अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी एक काळी गोटीही पुरते. कारण सांगितलं जात नाही. पुढे दीक्षा. एका दिवशी एका लॉजमध्ये विशेष परवानगीशिवाय दोनपेक्षा जास्त उमेदवार घेत नाहीत, आणि दोन डिग्रींमध्ये किमान चार आठवड्यांचं अंतर असतं. प्रत्यक्षात तिन्ही डिग्री व्हायला वर्ष ते दीड वर्ष लागतं. तेवढं लागू द्यावं.

मुलाखतीत तुम्हीही प्रश्न विचारायचे आहेत आणि उत्तरं लेखी मागायची आहेत. प्रवेश शुल्क किती, वार्षिक वर्गणी किती, बैठकीनंतरच्या जेवणाचे वेगळे किती, दानपेटीत साधारण काय टाकतात, एप्रन-हातमोजे-पोशाख यांचा खर्च कोणाचा. लोक पहिले दोन आकडे विचारतात आणि जेवण-पोशाखाने पहिल्याच वर्षी दचकतात. वेळेचाही हिशेब तसाच. लॉजची बैठक वर्षातून पाच-सहा वेळा असली तरी सराव वर्ग बऱ्याच ठिकाणी आठवड्याला असतो, आणि पद मिळालं की तो टाळता येत नाही. कुटुंबाला आणि पोटापाण्याच्या कामाला झळ न पोचता जमेल तेवढंच करायचं, ही लॉजची जुनी शिकवण आहे. म्हणून अर्जावर सही करण्याआधी घरी सगळं उघड सांगा. जोडीदाराला अंधारात ठेवून घेतलेला प्रवेश सहसा दोन वर्षांत राजीनाम्यावर येतो, आणि त्याचं खापर लॉजच्या ‘गुप्ततेवर’ फुटतं.

फसवणुकीपासूनही सावध राहा. मोबाइलवर संदेश पाठवून ‘सदस्य व्हा, श्रीमंत व्हा’ म्हणणारे आणि आधी पैसे भरायला लावणारे लोक लॉजचे नसतात. खरी लॉज प्रत्यक्ष भेटल्याशिवाय पैसा घेत नाही, समृद्धीचं वचन देत नाही, आणि कोणत्या ग्रँड लॉजची सनद आहे ते विचारल्यावर लगेच सांगते.

माणसं का गळतात, त्याची कारणं तीच ती असतात. धंद्याच्या ओळखी होतील म्हणून आलेला लवकर ओळखला जातो; सदस्यत्वातून व्यावसायिक फायदा घ्यायचा नाही असं प्रवेशाआधीच वदवून घेतलेलं असतं. दुसरा, न जुळणारी लॉज निवडलेला: सगळे साठीपुढचे, हा तिशीतला, किंवा बैठक अशा वारी की त्याला कधीच वेळेवर पोचता येत नाही. चूक लॉजची नसते, पण पहिल्याच लॉजला हो म्हणण्याआधी दोन-तीन ठिकाणच्या लोकांना भेटून हे टळतं. सगळ्यात मोठी गळती तिसऱ्या डिग्रीनंतर होते. वर्षभर सगळं त्याच्याभोवती फिरत होतं, आता तो मागच्या ओळीत बसून दुसऱ्यांचे विधी बघतो. यावर उपाय एकच: तिसऱ्या डिग्रीच्या पुढच्या बैठकीतच त्याला काम द्या. दहा ओळींचं का असेना, हत्यारांचा अर्थ नव्या उमेदवाराला समजावण्याचं काम. ऐकलेलं शंभरदा विसरतं, दुसऱ्याला सांगितलेलं राहतं.

म्हणून पाठांतराबद्दल थोडं सविस्तर. पहिल्या डिग्रीनंतर शिकाऊला दहा-अकरा प्रश्नोत्तरं पाठ करायची असतात आणि दुसऱ्या डिग्रीआधी भर लॉजमध्ये सांगायची असतात. पहिला प्रश्न: मेसन होण्याची तयारी प्रथम कुठे झाली? उत्तर: माझ्या हृदयात. प्रश्न सोपे आहेत, पण उभं राहून चाळीस लोकांसमोर बोलताना घसा कोरडा पडतो. रोज पंधरा मिनिटं, उभं राहून, मोठ्याने. मनात वाचलेलं तोंडात येत नाही. नवख्याला विधीचं एक पान बसायला साधारण आठवडा लागतो. मोठं भाषण असेल, उदाहरणार्थ नव्या मेसनला करायचा आठ-दहा मिनिटांचा उपदेश, तर शेवटचा परिच्छेद आधी पाठ करा, मग त्याच्या आधीचा. म्हणजे बोलताना दर पावलाला जास्त ओळखीच्या जमिनीवर येता, आणि शेवट डळमळत नाही. कार्यक्रमाच्या आठवडाभर आधी पुस्तक बंद करा. अडखळत आठवणं हाच सराव आहे. प्रत्येक वेळी डोकावून बघितलं तर फक्त डोकावण्याचा सराव होतो.

नेहमीची चूक अशी होते. तिन्ही डिग्रींच्या शपथांची सुरुवात जवळपास सारखी आहे. पहिली म्हणणारा मास्टर एका ओळखीच्या शब्दापाशी दुसऱ्या डिग्रीच्या रुळावर जातो आणि त्याला कळतही नाही. यासाठी तिन्ही मजकूर शेजारी ठेवून जिथे वाटा फुटतात ते शब्द अधोरेखित करा आणि तेवढेच वेगळे पाठ करा. मास्टर थांबला तर आठवण करून देणारा माणूस एकच असावा, बहुधा त्याच्या डावीकडे बसलेला मागच्या वर्षीचा मास्टर. एक शब्द सांगून भागत नाही, दोन-तीन सांगावेत. मास्टर समोर बघत गप्प असेल तर तो आठवतोय, थांबा. मान वळली तर सांगा. हे दोघांनी आधी ठरवून ठेवायचं. पहिल्या डिग्रीत उमेदवाराच्या डोळ्यांवर पट्टी असते, त्याला त्या खोलीचं फक्त ऐकू येतं. चार कोपऱ्यांतून चार जण कुजबुजले तर त्याच्यासाठी तो विधी संपला.

उमेदवाराला फिरवणारा डीकन हाही पाठांतराचाच भाग आहे. त्याने उमेदवाराचा उजवा हात घट्ट पण सैलावता येईल असा धरावा, वळण्याआधी हलका दाब द्यावा, आणि उत्तर त्याच्या कानात एका श्वासात मावेल एवढंच सांगावं. शपथ देतानाही मास्टरने पाच-सहा शब्दांचे तुकडे करावेत, अर्थ तुटेल तिथे नाही, वाक्य विसावेल तिथे. उमेदवाराला ते शब्द पुन्हा म्हणायचे असतात, आणि आपण काय म्हणतोय हे त्याला म्हणतानाच कळायला हवं.